हप्ता आणि होडी

अमेरिकेतल्या भाचीचा नवरा गावच्या अग्निशमन दलात स्वयंसेवक आहे. पगार नाही, पण भोंगा वाजला की ताटावरून उठून पळायचं. तिकडे काही राज्यांत अशा लोकांना कॉलेजच्या फीत सवलत मिळते, कुठे शैक्षणिक कर्ज फेडायला हातभारही लागतो. देशपातळीवरची २००७ची कर्जमाफी मात्र सार्वजनिक सेवेत पूर्णवेळ नोकरी करून १२० हप्ते भरणाऱ्यांसाठी आहे. फुकट राबणारा तिच्यात बसत नाही. भाची यावर फोनवर तावातावाने बोलली आणि मग म्हणाली, "मावशी, तुमच्या काशीत काय मिळतं?"

प्रमाणपत्र मिळतं. शिवाय फोटोत मागच्या रांगेत जागा.

राजघाटाला गंगेने ७१.२६ मीटरची धोक्याची खूण ओलांडली की आमच्या ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या पायऱ्या दिसेनाशा होतात, मणिकर्णिकेच्या चिता गच्चीवर जातात आणि दशाश्वमेधाची आरतीही. १९७८ साली पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढलं होतं. २०२५च्या ऑगस्टातही खूण ओलांडलीच. गंगा फुगली की वरुणा नदीचं पाणी उलटं फिरतं आणि तिच्या काठच्या वस्त्या बुडतात. एनडीआरएफची ११वी बटालियन वाराणसीतच असते, जलपोलीसही असतात. पण गल्लीबोळांत फिरायला लागतात नागरी संरक्षण दलाची माणसं आणि एनसीसी-एनएसएसची पोरंपोरी. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून दोरीला बांधलेली बादली खाली येते, तिच्यात औषधाची चिठ्ठी आणि घडी घातलेल्या दोन नोटा. मांडीपर्यंत पाण्यात उभी असलेली मुलगी चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दाताखाली धरते, कारण दोन्ही हात भिंतीला लागतात.

या मुलीने पाच लाखांचं शैक्षणिक कर्ज घेतलं असेल तर साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षं दरमहा ६,७५०च्या आसपास हप्ता. शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराची सवड, मग बँक दारात. आपल्याकडे सेवेची परतफेड गुणांत करायची रीत आहे; मुंबई विद्यापीठ एनएसएसवाल्यांना दहा गुण देतं. केंद्राच्या 'आपदा मित्र' योजनेत ३५० जिल्ह्यांतल्या एक लाख स्वयंसेवकांना बारा दिवसांचं प्रशिक्षण, किट आणि विमा ठरला. योजना चांगलीच आहे. पण बँकेच्या खिडकीवर ते किट चालत नाही.

तरीही अमेरिकेतल्यासारखी कर्जमाफी इथे जशीच्या तशी आणू नये, असं माझं मत आहे. कारण घाटावर बुडणाऱ्याला पहिला हात कोणाचा मिळतो? मल्लाहांच्या, म्हणजे नावाड्यांच्या, पोरांचा. पाय घसरलेला यात्रेकरू असो की पोहायला उतरलेला वसतिगृहातला विद्यार्थी, आरडाओरडा झाला की होडीतून उडी तेच मारतात. बुडालेला सापडला नाही तर गोताखोर म्हणून बोलावणंही त्यांनाच येतं. आणि ऐन पुरात प्रशासन नौकाविहार बंद करतं, म्हणजे ज्या दिवसांत त्यांची सर्वात जास्त गरज, त्याच दिवसांत त्यांची कमाई शून्य. यातल्या कितीकांनी शाळा अर्ध्यात सोडून वल्हं धरलेलं असतं. त्यांच्या नावावर शैक्षणिक कर्जच नाही, तर माफ काय करणार? माफी जॅकेट घातलेल्या स्वयंसेवक विद्यार्थ्यापर्यंत जाईल आणि होडीवाला काठावरच राहील.

जीव वाचवणाऱ्याला सरकारने पैसे द्यावेत का, हा वाद तर कधीच मिटलाय. रस्त्यावरच्या जखमीला वेळेत दवाखान्यात पोचवणाऱ्या 'राह-वीरा'ला केंद्र २५ हजार देतं. पाण्यातून ओढून काढणाऱ्याला चहा.

विद्यार्थ्यांपुरता मार्ग सोपा आहे. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत मिळते. स्वयंसेवक जितके महिने हाकेला तयार राहिला, तितक्या महिन्यांचं सगळं व्याज सरकारने भरावं. त्यासाठी अर्जात एक रकाना वाढवला की झालं. होडीवाल्यांच्या बाबतीत गाडं उलट फिरवायला हवं: आधी कर्ज आणि मग माफी नको, त्यांच्या मुलांची फीच आधी भरा. होड्यांचा परवाना नगर निगम देतं, म्हणजे नावं दप्तरात आहेतच. पुरात कोण राबलं ते जलपोलिसांना ठाऊक असतं. फी जुलैत भरायची आणि पूर यायचा ऑगस्टात, तेव्हा यादी आदल्या वर्षाच्या पुरावरून करावी लागेल. ती एक कारकून दोन दिवसांत करील.