जखमी पोर आणि इस्पितळाची खाट

गेल्या ऊसतोडीच्या हंगामांत आमच्या शाळेंतील आठवीचा एक मुलगा उसाच्या ट्रॉलीवरून पडला. नडगीचें हाड मोडून कातडीबाहेर आलें. १०८ क्रमांकाची गाडी बोलाविली, ती वेळेवर आली व मुलास एका मोठ्या इस्पितळांत घेऊन गेली. येथपर्यंत आमची तक्रार नाहीं. २०१४ पूर्वीं अशा पोरास मिळेल त्या जीपमध्यें घालून न्यावें लागे, हें आम्ही विसरलों नाहीं. शस्त्रक्रियाही उत्तम झाली. आम्हांस लिहावयाचें आहे तें त्यानंतरच्या एकोणीस दिवसांविषयीं.

मुलगा चौदा वर्षांचा. लहान मुलांच्या विभागांत बारा वर्षांपर्यंतचींच मुलें घेतों, असें सांगून त्यास मोठ्या पुरुषांत टाकिलें. एका बाजूस डोकें फुटलेला, रात्रभर शिव्या देणारा दारुडा. दुसऱ्या बाजूस पाय कापलेला एक म्हातारा. डॉक्टर सकाळीं येत, खाटेच्या पायथ्याशीं उभे राहून आपसांत इंग्रजींत बोलत व पुढें जात. तिसऱ्या दिवशीं आम्ही भेटीस गेलों, तेव्हां मुलानें आमचा हात धरून हळूच विचारिलें, "गुरुजी, माझा पाय कोणत्या दिवशीं कापणार?"

पाय कापण्याची गोष्टच कोणाच्या मनांत नव्हती! शेजारच्या म्हाताऱ्याकडे पाहून पोरानें आपला निकाल आपणच लावून घेतला होता आणि तीन रात्री तो त्या भीतींत जागा होता. बापाची सही कागदावर घेतली होती. पण कागदांत काय आहे हें बापास कळलें नाहीं, व मुलास सांगावें असें कोणास वाटलें नाहीं. अठरा वर्षांखालील मुलाच्या शस्त्रक्रियेस पालकाची सही घेतात, तें योग्यच. पण सही बापाची असली तरी पाय पोराचा आहे ना? संयुक्त राष्ट्रांनीं १९८९ सालीं बालहक्कांचा करार केला व भारत सरकारनें तो १९९२ सालीं मान्य केला. मुलासंबंधींच्या गोष्टींत मुलाचें म्हणणें त्याच्या वयाप्रमाणें व समजुतीप्रमाणें विचारांत घ्यावें, असें त्याचें बारावें कलम सांगतें. इंग्लंडांत तर १९५९ सालींच सरकारी समितीनें बजाविलें, कीं मुलांस मोठ्या माणसांच्या विभागांत ठेवूं नये आणि आईबापांस भेटीची आडकाठी करूं नये. आमच्याकडे आई पांच वाजतां बाहेर!

मुलींचे हाल निराळेच. सातवींतील एका मुलीच्या मांडीस भाजलें होतें. पडदा नाहीं म्हणून तिनें दोन वेळां मलमपट्टी करूं दिली नाहीं, तर तिला हट्टी ठरविलें. पैसेवाल्याच्या मुलीस खाजगी खोली मिळते, तिचा हट्ट कोणास दिसतच नाहीं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, ही मोठी गोष्ट झाली. पण फुकट मिळतें म्हणून लाजही सोडावी काय?

डॉक्टर व परिचारिका निर्दय आहेत, असें आम्ही म्हणत नाहीं. रात्रीं एकच बाई सबंध विभाग सांभाळीत होती, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. शिवाय थोडक्यांत केवढें काम होतें, तेंही तेथेंच पाहिलें. दोन महिन्यांनीं प्लास्टर काढावयास गेलों, तर विजेच्या करवतीचा आवाज ऐकून मुलगा पांढराफटक पडला. प्लास्टर काढणाऱ्या शिपायानें करवत स्वतःच्या तळहाताला टेकवून दाखविली. ती चक्रासारखी फिरत नाहीं, नुसती थरथरते. कठीण प्लास्टर कापतें, मऊ कातडी सहसा कापली जात नाहीं. पोर हंसलें व त्यानें पाय पुढें केला. यास अर्धें मिनिट लागलें असेल.

आमच्या शाळा व्यवस्थापन समितीनें जिल्हा शल्यचिकित्सकांकडे अर्ज केला आहे. बारा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींस निराळ्या चार खाटा व कापडी पडदा द्यावा, रात्रीं आई किंवा बाप जवळ राहूं द्यावा, आणि रोज एकानें तरी मुलाशीं मराठींत बोलून आज काय करणार तें सांगावें, एवढेंच त्यांत मागितलें आहे. पडदे शिवून देण्यास गांवांतील शिंपी तयार आहेत. अर्जाची नक्कल शाळेंत ठेविली आहे. दुसऱ्या गांवच्या गुरुजींस हवी असल्यास त्यांनीं अवश्य मागून घ्यावी.