अणूचा ब्रेक उद्यमनगरात गुंडाळता येईल

भौतिकशास्त्राच्या प्रत्येक पदवीधराने झीमन परिणाम परीक्षेपुरता केलेला असतो. चुंबकीय क्षेत्रात वर्णपटाची एक रेषा फुटून तिच्या अनेक होतात. पीटर झीमन यांनी हे १८९६ मध्ये पाहिले, १९०२ मध्ये नोबेल मिळवले. आपल्या कॉलेजांत विषय बहुधा इथेच संपतो. खरी गंमत पुढे आहे.

भट्टीतून सुटलेला सोडियमचा अणू सेकंदाला साधारण एक किलोमीटर धावतो. समोरून ५८९ नॅनोमीटरचा पिवळा लेसर सोडला, तर एका फोटॉनमागे त्याचा वेग सेकंदाला जेमतेम तीन सेंटीमीटरने घटतो. उधळलेल्या बैलाला हरभरे मारून थांबवायचे, तसला प्रकार. तीस-पस्तीस हजार दाणे लागतात. पण अणू ते सेकंदाला कोटीच्या हिशेबाने घेतो, त्यामुळे मीटरभरात काम होते. व्हायला हवे, खरे तर. होत नाही, कारण वेग घटला की डॉप्लर परिणामामुळे त्याच्या दृष्टीने लेसरचा रंगच बदलतो आणि दोनेकशे फोटॉननंतर तो दाद देईनासा होतो.

विल्यम फिलिप्स आणि हॅरोल्ड मेटकाफ यांनी १९८२ मध्ये अमेरिकेत यावर तोड काढली. नळीभोवती तांब्याची तार गुंडाळली, सुरुवातीला जास्त थर, पुढे कमी कमी. वेग उतरतो तसे क्षेत्रही उतरते, आणि झीमन परिणाम डॉप्लरचा फरक भरून काढतो. म्हणजे ब्रेक लेसरच लावतो. चुंबक अणूला सुरात ठेवतो. (नुसत्या चुंबकानेही जमते. टेक्सासात मार्क रायझेन यांच्या गटाने २००८ मध्ये ६४ कॉइल क्रमाने चालू-बंद करून निऑनचे अणू मंदावले. पण तो रस्ता वेगळा.) लेसरने अणू मंद, म्हणजेच थंड, करून पकडण्याच्या कामासाठी १९९७ चे नोबेल तिघांत वाटले गेले, त्यांत फिलिप्स एक.

हे विज्ञान आपल्यापासून लांब नाही. पुण्याच्या आयसरमध्ये उमाकांत रापोल यांचा गट रुबिडियम आणि स्ट्राँशियमच्या थंड अणूंवर काम करतो. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय क्वांटम मिशनला सहा हजार कोटींहून जास्त रक्कम मंजूर केली. त्यातले संवेदन आणि मापनाचे केंद्र आयआयटी मुंबईत आहे. कोल्हापूरच्या वाट्याला काय? माझ्या मते, वाइंडिंग.

शिवाजी उद्यमनगरात मोटार रिवाइंडिंग करणारा कारागीर एनॅमलला ओरखडा न उठवता वेढे मोजून थरावर थर बसवतो. झीमन स्लोअरला, म्हणजे वर सांगितलेल्या तार गुंडाळलेल्या नळीला, हाच हात लागतो. लेसर आणि निर्वाताची नळी महाग, ती आपल्याला परवडणार नाही. कॉइल परवडते. एकसारखा ब्रेक लागला की वेगाचा वर्ग अंतराच्या प्रमाणात घटतो, हे नववीचे समीकरण. म्हणून क्षेत्र वर्गमुळाच्या वक्राने उतरायला हवे. कॉलेजच्या मुलांनी थरांचा हिशेब करावा, कारागिराकडे बसून तार गुंडाळून घ्यावी, मग नळीत गॉसमीटरचा प्रोब सेंटीमीटर-सेंटीमीटर सरकवून आलेख काढावा. वक्र कुठे चुकला आणि का, यावरच तोंडी परीक्षा घ्यावी.

अभ्यासक्रमात नाही, असे उत्तर येईल. प्रकल्पाला मार्क आहेत की! तिथे वर्षानुवर्षे तेच सौर दिवे आणि तेच पाण्याच्या टाकीचे अलार्म जमा होतात, आणि परीक्षकही न बघता सही करतात.