३३ मिनिटं, नो स्किप

पॉल सायमनचा ‘सेव्हन साम्स’ हा अल्बम स्पॉटिफायवर उघडलात तर ट्रॅकलिस्टमध्ये एकच ओळ दिसते. एक ट्रॅक, ३३ मिनिटं. आत सात गाणी आहेत, प्रत्येकाला स्वतंत्र नावही आहे, पण हव्या त्या गाण्यावर क्लिक करून जायची सोयच ठेवलेली नाही. मे २०२३ मध्ये तो आला तेव्हा सायमन ८१ वर्षांचा होता. काहींना ही त्याची कमाल वाटते, काहींना निव्वळ हट्ट.

हट्ट त्याला नवा नाही म्हणा. ‘मिसेस रॉबिन्सन’वाला सायमन १९८६ च्या ‘ग्रेसलँड’साठी थेट वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेत जाऊन तिथल्या कृष्णवर्णीय कलाकारांबरोबर रेकॉर्डिंग करून आला होता. सांस्कृतिक बहिष्कार मोडला म्हणून त्याने तेव्हा भरपूर शिव्या खाल्ल्या, आणि अल्बम ऑफ द इयरचं ग्रॅमीही नेलं. २०१८ मध्ये त्याने मोठे दौरे थांबवले. संपलं, असं सगळे धरून चालले होते. मग त्याच्या सांगण्यानुसार, जानेवारी २०१९ मध्ये त्याला एक स्वप्न पडलं आणि त्यात हे नाव आलं. साम म्हणजे बायबलमधलं स्तोत्र. पुढे शब्द सुचायचे ते पहाटे साडेतीन ते पाचच्या दरम्यान, झोपेतून जाग आल्यावर. काम चालू असतानाच डाव्या कानाची ऐकण्याची शक्ती बरीचशी गेली.

समीक्षकांनी एकूण कौतुकच केलं. पण ‘ग्रेसलँड’वर नाचलेल्या चाहत्याची तक्रारही समजू शकते. ड्रम्स जवळपास नाहीत, गुणगुणता येईल असा हुक नाही, बराच वेळ एकटी अकूस्टिक गिटार. ‘द लॉर्ड’ हा तुकडा ध्रुवपदासारखा परत परत येतो, आणि त्यात देव कधी रेकॉर्ड प्रोड्युसर असतो तर कधी चक्क कोविडचा विषाणू. भाविकाला हे खटकेल. नास्तिकाला एवढा देव कशाला, असं वाटेल.

माझं मत विचाराल तर मधला भाग रेंगाळतो. ‘माय प्रोफेशनल ओपिनियन’मधला मिश्किल ब्लूज मजा आणतो, पण त्यानंतर लक्ष भटकतं. शेवटचं ‘वेट’ मात्र थांबवून ठेवतं. मरण दारात आहे आणि म्हातारा म्हणतोय की माझी तयारी झालेली नाही, जरा थांब. मग त्याची बायको एडी ब्रिकेलचा आवाज येतो. हे गाणं सुटं ऐकलं तर इतकं भिडेल असं मला वाटत नाही. आधीची पंचवीसएक मिनिटं देवाशी घातलेली हुज्जत कानात असावी लागते. म्हणजे एकाच ट्रॅकचा निर्णय संगीताच्या हिशोबाने बरोबर आहे.

पैशाच्या हिशोबाचं काय? स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम धरला जातो. ३३ मिनिटं ऐकलीत तरीही एकच. हीच सात गाणी सुटी टाकली असती तर सात स्ट्रीम झाले असते. सायमनला याने फरक पडत नाही, कारण २०२१ मध्येच त्याने आपल्या गाण्यांचे हक्क सोनीच्या म्युझिक पब्लिशिंग कंपनीला विकले आहेत. पण तुमच्या कॉलेजच्या बँडने असं करून बघावं! २०२४ पासून तर वर्षभरात हजार स्ट्रीम झाले नाहीत तर त्या ट्रॅकला स्पॉटिफाय रेकॉर्डिंगची रॉयल्टीच देत नाही. त्यामुळे ‘रील्सच्या जमान्यात म्हाताऱ्याने धडा शिकवला’ हे कौतुक मला अर्धवट वाटतं. नवे लोक छोटी गाणी करतात ती फक्त आपली पिढी उतावीळ आहे म्हणून नाही. त्यांना परवडत नाही. सायमनला परवडतं, तसंच अडेललाही: २०२१ मध्ये तिच्या आग्रहावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं शफलचं मुख्य बटण हलवलं होतं.

बाकी आपल्याकडे विलंबित ख्याल चालू असताना पुढे ढकला म्हणायची पद्धत नाहीच. २०२५ मध्ये दौऱ्यावर परतल्यावर सायमननेही तेच केलं. कार्यक्रमाच्या पहिल्या भागात अख्खा ‘सेव्हन साम्स’, जुनी गाणी मध्यंतरानंतर.

आणि अगदीच धीर नसेल तर स्लायडर शेवटच्या काही मिनिटांवर ओढून ‘वेट’ ऐकता येतं. सायमनला ते आवडणार नाही.