'व्हेरी' म्हणजे नेहमी 'खूप' नव्हे

मागच्या शनिवारी सोलापूरला घरी होतो. आईचा गुडघा बरेच दिवस दुखतोय. डॉक्टरांकडे जायच्या आधी मोबाइलवर एक फॉर्म भरायचा होता, चक्क मराठीतला. गेल्या आठवड्यात गुडघ्यात किती वेदना झाल्या? पर्याय असे: अजिबात नाही, सौम्य, माफक, तीव्र, अत्यंत तीव्र.

"माफक म्हणजे रे? माफक दरात साड्या मिळतात तसं?" आईने विचारलं.

मी हसलो. तोवर तिने 'सौम्य'वर बोट ठेवलंसुद्धा!

"अगं, काल रात्रभर जागी होतीस ना?"

"हो, लई ठणकतंय रात्रीचं. पण अत्यंत तीव्र म्हणजे माणसाला उचलून न्यायची वेळ आली की. मी चालतेय की अजून."

म्हणजे रात्रभर जागलेली बाई डॉक्टरांच्या स्क्रीनवर 'सौम्य' म्हणून उमटणार होती. माझं हसू तिथेच थांबलं, कारण असले फॉर्म मीही केलेत. एक्सेलची शीट असते. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. व्हेरी म्हणजे खूप, रिअली म्हणजे खरोखर, एक्स्ट्रीमली म्हणजे अत्यंत. एकदा ठरलं की सगळीकडे तेच चिकटवायचं. मग तपासणी म्हणून दुसऱ्या कुणाकडून मराठीचं परत इंग्रजी करून घ्यायचं. 'माफक'चं 'मॉडरेट' होऊन येतं आणि टेस्ट पास! शब्द बरोबर होता, फक्त आईला कळला नाही.

मुळात गडबड कुठे आहे सांगतो. इंग्रजीतलं 'व्हेरी' हे एखाद्या फंक्शनसारखं आहे, बहुतेक कुठलंही विशेषण द्या, चालतं. मराठीतही 'खूप', 'फार', 'अगदी' आहेत, नाही असं नाही. पण बोलताना आपण बऱ्याचदा त्या शब्दाचा ठरलेला जोडीदार काढतो. लालभडक, काळाकुट्ट, पांढराशुभ्र, हिरवागार, पिवळाधमक. ओलाचिंब, नवाकोरा, गोडमिट्ट, आंबटढाण. अदलाबदल करून बघा, 'हिरवाकुट्ट' कुणी म्हणत नाही. आमच्याकडची शेंगदाण्याची चटणी 'खूप तिखट' आहे असं पाहुणा म्हणाला तर आई नुसती हसेल. 'तिखटजाळ' म्हणाला तर पाण्याचा तांब्या घेऊन धावेल.

ही काही फक्त मराठीची मिजास नाही. सोलापुरात शेजारीपाजारी कानावर पडणाऱ्या कानडीत 'नडु' म्हणजे मध्य आणि 'नट्टनडु' म्हणजे अगदी मधोमध. तिकडे पार फिनलंडमध्ये 'ऊसी' म्हणजे नवा आणि 'उपोऊसी' म्हणजे नवाकोरा. त्यांच्या भाषेतही इंग्रजी 'व्हेरी' सरसकट चिकटवून भागत नसणार.

जोर द्यायचं आपलं दुसरं हत्यार म्हणजे 'च'. शाळेत 'कैवल्यवाचक शब्दयोगी अव्यय' म्हणून पाठ केलं होतं, आठवतंय? 'मीच पैसे दिले', 'मी पैसेच दिले', 'मी पैसे दिलेच'. एक अक्षर सरकवलं की भांडणाचा विषय बदलतो. इंग्रजीत हेच काम बऱ्याचदा आवाज चढवून होतं आणि छापताना तिरपा टाइप लागतो. आपल्याकडे सोय लिपीतच आहे. तरी भाषांतरात 'ओन्ली' दिसलं की आपण डोळे मिटून 'फक्त' टाकतो.

आणि दुखण्याच्या बाबतीत तर आपण आकड्याआधी जात सांगतो. ठणकतं, ठुसठुसतं, चुरचुरतं, कळ येते, सणक जाते, आग होते. 'ठणका' म्हटलं की झोपेचं खोबरं झालं हे सांगावं लागत नाही. 'तीव्र वेदना' हे मात्र पेपरात वाचायचे शब्द, आईच्या तोंडात ते कधीच नसतात.

आता कुणी म्हणेल, अरे, पण फॉर्मला चढता क्रम लागतो, हजार पेशंटांची उत्तरं एकमेकांशी ताडून बघायची असतात. मान्य. 'ठणका' मोठा की 'सणक' मोठी हे कोण ठरवणार? पण मग क्रम शब्दांचा कशाला लावायचा? रोजच्या गोष्टींचा लावा ना. दुखण्यामुळे झोपमोड होते का? आठवड्यातून किती रात्री? जिना चढताना कठडा धरावा लागतो का? याची उत्तरं आई बिनचूक देईल आणि मोजताही येतील. शिवाय फॉर्म लोकांपुढे जाण्याआधी अशा चारपाच आयांकडून मोठ्याने वाचून घ्या. उलट भाषांतरात न सापडलेला 'माफक' तिथे पहिल्या मिनिटाला सापडेल.

असो. आम्ही 'सौम्य' खोडून 'तीव्र' केलं. शेवटी 'इतर काही' अशी रिकामी चौकट होती, तिथे मी लिहिलं, 'रात्रीचा ठणका, झोप नाही'. सोमवारी डॉक्टरांनी पहिला प्रश्न त्यावरच विचारला.