दुसरा पडदा

देवाने माणसाला डोळे दोन दिले, हात दोन दिले. बँकेने मात्र कारकुनाला पडदा एकच दिला. माझे भांडण देवाशी नाही.

आता बघा, चेक पास करायचा म्हणजे आधी खात्यातली शिल्लक बघायची. मग ती झाकून नमुना सही उघडायची. सहीची वेलांटी जुळेपर्यंत शिल्लक डोक्यातून जाते, की पुन्हा पहिले पान! काउंटरपलीकडे पेन्शनवाले आजोबा ताटकळलेले. या धांदलीत एक शून्य इकडचे तिकडे झाले तर मेमो कोणाला? पडद्याला थोडाच देता येतो!

लुका पाचोली नावाच्या इटालियन गृहस्थाने 1494 साली दुहेरी जमाखर्चाची पद्धत छापून प्रसिद्ध केली. एकीकडे नावे, दुसरीकडे जमा, दोन्ही एकदम डोळ्यांसमोर! बी.कॉम.ची तीन वर्षे आम्ही दुसरे काय शिकलो? जुन्या कारकुनाच्या टेबलावर रोजकीर्द आणि खातेवही शेजारी शेजारी उघडी असत. संगणक आला आणि टेबल चौदा-पंधरा इंचांचे झाले.

साहेब म्हणतात, "खर्च?" अहो, दोन पडद्यांची सोय विंडोजमध्ये 1998 सालापासून आहे. लागतो एक मॉनिटर नि एक केबल. रेकॉर्ड रूममध्ये धूळ खाणारा जुना मॉनिटरसुद्धा चालतो, फक्त संगणकाच्या पाठीमागे त्याची पिन बसायला हवी.

बरे, दुसरा पडदा मुळीच नाही असे नाही. तो केबिनमध्ये आहे! आणि दोन्हींवर चित्र तेच, कारण जोडणारा 'डुप्लिकेट'वर ठेवून गेला. कचेरीत प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत लागतेच म्हणा! विंडोजची कळ धरून 'पी' दाबा, चार पर्याय येतील. त्यातला 'एक्स्टेंड' निवडला की टेबल दुप्पट. पडदा उजवीकडे आणि माऊस मात्र डावीकडून पळतोय? डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये 1 आणि 2 असे दोन चौकोन दिसतात, ते ओढून जागच्या जागी लावा. झाले काम.

शेवटची शंका नेहमीची : कारकून त्यावर क्रिकेट बघेल. अहो, क्रिकेट बघायला खिशातला मोबाईल पुरतो. दुसरा पडदा काम करणाऱ्यालाच लागतो.