आधी दिव्याची वेळ, मग दोरावरचा माणूस

पावसाळा सरत आला की बंगळूरच्या आउटर रिंग रोडवरच्या काचेच्या इमारतींत देखभाल विभागाकडे ठरलेली तक्रार येते: परवाच काचा धुतल्या, आज पुन्हा जाळी. दोरावरचा कामगार पुन्हा खाली सोडला जातो, ब्रश आणि स्क्वीजी फिरते, काच लखलखते. आठवड्याने पुन्हा तेच. दिवाळीआधी घरातली जळमटे काढावीत तसे हे काम उरकले जाते. पण घरातले जळमट बहुधा कोळ्याने सोडून दिलेले असते. काचेवरचे जाळे मात्र चालते दुकान आहे. गिऱ्हाईक येत राहील तोवर ते बंद होणार नाही.

गिऱ्हाईक तळ्यातून येते. बेळ्ळंदूर आणि वर्तूर या तळ्यांना शहराच्या सांडपाण्याने काय दिवस दाखवले, हे २०१७ साली बेळ्ळंदूरच्या पाण्यावर लागलेल्या आगीने देशभर कळले. अशा पाण्याच्या तळाशी, प्राणवायू कमी असलेल्या गाळात कायरोनोमिड चिलटांच्या लाल अळ्या भरभरून वाढतात. प्रौढ चिलटे चावत नाहीत. तिन्हीसांजेला थव्याने उठतात आणि जवळच्या उजेडावर झेपावतात. तो उजेड म्हणजे आपल्या इमारतीचा दर्शनी भाग.

कोळी मागोमाग येतो. नवव्या मजल्यावर तो चढून आलेला नसतो. अंड्यातून निघालेली पिल्ले रेशमाचा धागा वाऱ्यावर सोडून तरंगत येतात. १८३२ साली ‘बीगल’ जहाजाच्या दोरखंडांवर, किनाऱ्यापासून सुमारे ६० मैलांवर, असे कोळी उतरलेले डार्विनने पाहिले होते. उजेडाची ओढही त्यांना शिकवावी लागत नाही. व्हिएन्नामधल्या एका पादचारी पुलावर कोळी दिव्यांनी उजळलेल्या कठड्यांवरच दाटी करत. आस्ट्रिड हायलिंग यांनी १९९९ मध्ये दाखवले की, कृत्रिम उजेड कधीच न पाहिलेले, प्रयोगशाळेत वाढलेले कोळीही उजेडाचीच बाजू निवडतात.

अमेरिकेतल्या लिंकन स्मारकाचा अनुभव म्हणूनच प्रत्येक देखभाल प्रमुखाने वाचावा असा आहे. तिथेही चिलटे, कोळी, डाग आणि सततची धुलाई हेच चक्र होते, आणि धुण्याने दगड झिजत होता. कीटकशास्त्रज्ञ डोनाल्ड मेसरस्मिथ यांच्या १९९३ च्या अहवालाने बोट ठेवले ते दिव्यांच्या वेळेवर. चिलटांचा जोर सूर्यास्तानंतरच्या थोड्याच वेळात असतो. दिवे तासभर उशिरा लावले तेव्हा ती सुमारे ८५ टक्क्यांनी घटली.

आपल्याकडे मात्र अजून फवारणीचाच ठेका दिला जातो. कोळी पायांच्या टोकांवर चालतो, दिवसाचा बराच काळ जाळ्यात किंवा फटीत बसतो. काचेवर राहिलेले औषध त्याच्या अंगाला फारसे लागत नाही. उलट सायपरमेथ्रिनसारखे पायरेथ्रॉइड पावसाने वाहून तळ्यात गेले तर माशांना घातक ठरते. आणि कोळ्याशी सरसकट वैर धरण्यात शहाणपण नाही. जिन्यात, पार्किंगमध्ये दिसणारा लांब पायांचा क्रॉसोप्रायझा लायोनी डेंग्यूचे डास खातो, हे थायलंडमधल्या अभ्यासात नोंदले गेले आहे. २०२४ मध्ये डेंग्यूला साथरोग जाहीर करावे लागलेल्या कर्नाटकात ही बाब क्षुल्लक नव्हे.

जाळी काढायचीच आहेत, पण रीत बदलून. ब्रशने धागे तुटतात. चौकटीच्या कोपऱ्यातली अंड्यांची पुरचुंडी तशीच राहते आणि पुढची पिढी तिथूनच निघते. ती व्हॅक्यूमने ओढून घेतली पाहिजे आणि कंत्राटात तसे स्पष्ट लिहिले पाहिजे. पांढऱ्या-निळसर दिव्यांऐवजी पिवळसर एलईडी, काचेवर रोखलेल्या झोताऐवजी खाली वळवलेला उजेड, तळ्याकडच्या खोल्यांना संध्याकाळी पडदे. दोरावरची प्रत्येक फेरी एका माणसाचा जीव टांगून होते. ती एकाने जरी कमी झाली तरी इलेक्ट्रिशियनची ही मेहनत सार्थकी लागली.

या महिन्यात तळ्याकडच्या बाजूचे दोन सारखे भाग निवडावेत. एकाचा टायमर तासभर पुढे न्यावा, दुसरा आहे तसा ठेवावा, दोन्ही एकाच दिवशी धुवावेत आणि पंधरा दिवसांनी जाळी मोजावीत. आकडे या मासिकाकडे पाठवावेत. ते इमारतीच्या तपशिलासह छापले जातील.