दूरध्वनीची राखीव वाट वेगळीच हवी

नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत मोर्चा आणि बंद यांना हिंसक वळण लागले, शहरात संचारबंदी लागू झाली आणि इंटरनेट सेवा खंडित करण्यात आली. १३ मे २०२३ च्या रात्री अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल उसळली, तेव्हाही जमावबंदीपाठोपाठ इंटरनेट बंद झाले. अफवांना आळा घालणे हा या निर्णयांमागील हेतू होता. त्याच्या योग्यायोग्यतेवर पुष्कळ चर्चा झाली. इंटरनेट थांबले की रुग्णालये, अडत दुकाने, जिनिंग कारखाने आणि दालमिल यांच्या कार्यालयांतील दूरध्वनीचे काय होते, हा प्रश्न मात्र त्या चर्चेत मागे राहिला.

दोन दशकांपूर्वी हा प्रश्न पडलाच नसता. दूरध्वनी तेव्हा तांब्याच्या तारेवर चालत असे आणि तिला लागणारी ४८ व्होल्टची वीज टेलिफोन केंद्रातील बॅटऱ्यांमधून येत असे. वऱ्हाडातील भारनियमनाच्या दिवसांत घर अंधारात असतानाही फोन सुरू राहण्याचे कारण हेच होते. मोठ्या कार्यालयांत ईपीएबीएक्स यंत्र असे आणि त्याला एकाच वेळी तीस संभाषणे वाहून नेणारी पीआरआय लाइन जोडलेली असे. आज तांब्याची जागा प्रकाशतंतूने आणि पीआरआयची जागा बऱ्याच ठिकाणी एसआयपी ट्रंकने घेतली आहे. खर्च घटला, सोय वाढली. परंतु आवाज आणि इंटरनेट एकाच वाटेने धावू लागले. ती वाट बंद झाली की दोन्ही एकदमच थांबतात. शिवाय प्रकाशतंतूच्या टोकावरील पेटीला स्थानिक वीज लागते, ती निराळीच.

ज्यांची टेलिफोन यंत्रणा ‘क्लाउड’वर, म्हणजे दूरच्या शहरातील सर्व्हरवर आहे, त्यांची अडचण अधिक गंभीर आहे. अशा रुग्णालयात इंटरनेट तुटले की बाहेरचे फोन तर बंद होतातच, पण स्वागतकक्षातून वरच्या मजल्यावरील अतिदक्षता विभागालाही फोन लागत नाही. कारण वीस फुटांवरचे ते संभाषणही दूरच्या सर्व्हरकडून जुळवले जात असते.

राखीव व्हॉइस गेटवे हा यावरील उपाय आहे. कार्यालयातच बसवलेले हे छोटे यंत्र मुख्य सेवेला ठरावीक अंतराने संदेश पाठवून ती जिवंत आहे की नाही हे तपासत राहते. उत्तर येणे थांबले की अंतर्गत फोनची नोंदणी ते स्वतःकडे घेते आणि बाहेर जाणारे फोन जुन्या लँडलाइनवरून, पीआरआयवरून किंवा मोबाइल सिमवरून वळवते. इंटरनेटबंदीचा आदेश डेटापुरता असेल, तर मोबाइलवरील साधे संभाषण चालू राहते. तेव्हा ही तजवीज नेमकी उपयोगी पडते.

परंतु यंत्र आणून बसवले म्हणजे तजवीज पूर्ण झाली, हा समज धोक्याचा आहे. राखीव वाट खऱ्या अर्थाने वेगळी असली पाहिजे. दोन कंपन्यांच्या जोडण्या घेतल्या, पण दोन्ही केबल एकाच खांबावरून किंवा एकाच चरातून आल्या, तर जेसीबीचा एक फटका दोन्ही तोडतो. खोदकामात केबल तुटण्याचे प्रकार इतके वाढले, की केंद्र सरकारला मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू करावे लागले. म्हणून माध्यम वेगळे, कंपनी वेगळी आणि गेटवेला इन्व्हर्टरचा आधार, या तिन्ही गोष्टी एकत्र साधाव्या लागतात.

दुसरी उणीव येणाऱ्या फोनची. गेटवे जाणारे फोन वाचवतो. पण ०७२१ किंवा ०७२४ ने सुरू होणाऱ्या, फलकावर रंगवलेल्या क्रमांकावर येणारा रुग्णाचा नातेवाईक बंद पडलेल्या ट्रंकवरच आदळतो. तो फोन दुसरीकडे वळवण्याची सूचना सेवा कंपनीकडे आधीच नोंदवलेली असावी लागते. संकटाच्या दिवशी संकेतस्थळावरून ती देऊ म्हटले, तर इंटरनेटच नसते.

कायद्याचे भानही आवश्यक आहे. परदेशातील फोन इंटरनेटवरून आणून स्थानिक सिममधून उतरवणाऱ्या ‘सिम बॉक्स’ टोळ्यांवर पोलीस कारवाई करतात, आणि सिमचा गेटवे दिसायला तसाच असतो. परवानगीशिवाय दूरसंचार सेवा पुरवणाऱ्यास २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. त्यामुळे सिम संस्थेच्या नावावरच असावीत, वापर स्वतःच्या फोनपुरताच असावा आणि सेवा कंपनीची लेखी संमती आधीच घ्यावी, हेच शहाणपणाचे.

शासनाची जबाबदारीही यातून सुटत नाही. बंदीचे आदेश प्रसिद्ध झाले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात बजावले. नोव्हेंबर २०२४ च्या नियमांनीही कारणे, क्षेत्र आणि मुदत नमूद करून आदेश प्रसिद्ध करणे बंधनकारक केले असून एका आदेशाची कमाल मर्यादा पंधरा दिवसांची आहे. आदेशात मोबाइल डेटा बंद आहे की तारेचे ब्रॉडबँडही, हे स्पष्ट असेल तर रुग्णालयांना आणि व्यापाऱ्यांना पुढची पावले वेळेवर ठरवता येतील.

तोवर सावध राहणे संस्थांच्याच हाती आहे. महिन्यातून एकदा मुख्य केबल स्वतःच काढून ठेवावी आणि आतला, बाहेर जाणारा व बाहेरून येणारा असे तिन्ही फोन लागतात का ते पाहावे. ही दहा मिनिटांची तपासणी टाळली, तर राखीव यंत्रणेतील दोष ऐन संचारबंदीत, रुग्णवाहिका बोलावण्याच्या वेळी उघडा पडेल. आणि त्या दिवशी दुरुस्तीसाठी येणारा तंत्रज्ञही घराबाहेर पडू शकणार नाही.